'लेखकाने हे का लिहिलं?' हे मुलांना ओळखायला कसं शिकवायचं

उताऱ्याखाली प्रश्न येतो, 'लेखकाने हा उतारा का लिहिला असेल?' आणि पोरं डोळे झाकून लिहितात, 'माहिती देण्यासाठी'. उतारा पाणी वाचवण्यावर असो नाहीतर आजीच्या गोधडीवर, उत्तर तेच. बरं, त्याला सरळ चूक पण म्हणता येत नाही, कारण माहिती प्रत्येक लिखाणात थोडीफार असतेच, गोधडीच्या लेखातसुद्धा जुनी लुगडी लागतात हे कळतंच की. मग तपासणारे अर्धा मार्क देऊन टाकतात, पोराला वाटतं आपल्याला जमतंय, आणि हे असंच दहावीपर्यंत चालू राहतं.

मी आमच्या सोसायटीत शनिवारी मुलांचा वाचनाचा तास घेते, तिसरी ते आठवी सगळी पोरं एकत्र. खाली लिहितेय ते सगळं तिथे चाललेलं आहे. शिक्षक असाल तर वर्गात होईल, आईबाबा असाल तर जेवताना गप्पा मारत पण होईल, वेगळं पुस्तक वगैरे काही आणायला नको.

आधी मुळातला घोळ कुठे आहे ते सांगते. मुलं विषय आणि उद्देश एकच समजतात. 'हे कशासाठी लिहिलंय?' विचारलं की उत्तर येतं 'आंब्यासाठी', 'झाडांसाठी'. म्हणजे ते कशाबद्दल आहे ते सांगतायत. त्यात त्यांचा दोष नाही, शाळेत उताऱ्यावरचे बाकीचे सगळे प्रश्न उताऱ्याच्या आतलेच असतात, कोण कुठे गेलं, कोणाला काय म्हणालं. हा एकच प्रश्न असा आहे की ज्यात लिहिणाऱ्या माणसाकडे बघावं लागतं, आणि तो माणूस तर उताऱ्यात दिसतच नाही.

म्हणून पहिलं काम, प्रश्न बदला. 'उद्देश', 'हेतू', 'प्रयोजन' हे शब्द निदान पाचवीपर्यंत बाजूला ठेवा, तो शब्द ऐकला की मूल पाठ केलेलं उत्तर शोधायला लागतं. त्याऐवजी विचारा, 'हे वाचून झाल्यावर तू काय करावंस असं लिहिणाऱ्याला वाटतंय?' हसावंस? काहीतरी विकत घ्यावंस? एखादी गोष्ट समजून घ्यावीस? सावध व्हावंस? कोणाचा तरी राग यावा? कोणाची तरी आठवण यावी? असा प्रश्न आला की पोरांच्या डोळ्यासमोर एक खराखुरा माणूस उभा राहतो ज्याला आपल्याकडून काहीतरी हवंय.

आणि लगेच दुसरा प्रश्न, 'कशावरून?' इथे तोंडी उत्तर नको, मजकुरावर बोट ठेवायला लावायचं. कुठला शब्द, कुठलं वाक्य? बोट ठेवता आलं नाही तर तो अंदाज आहे, उत्तर नाही. हा नियम मी मोठ्या मुलांना पण लावते आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रकारातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकीचं विसरलात तरी हे विसरू नका.

सुरुवात गोष्टींपासून करू नका. गोष्टीत उद्देश दडलेला असतो, नवशिक्याला तो सापडत नाही. सुरुवात करायची रस्त्यावरच्या पाट्यांपासून. 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका', 'मॅटर्निटी होम पहिल्या मजल्यावर', 'उसाचा थंडगार ताजा रस'. तीन पाट्या, तीन वेगवेगळे लिहिणारे. पहिल्याला तुमच्याकडून काहीतरी करून घ्यायचंय, दुसऱ्याला फक्त सांगायचंय, तिसऱ्याला गिऱ्हाईक हवंय. 'थंडगार' आणि 'ताजा' हे शब्द दुसऱ्या पाटीवर का नाहीत हे पोरांना विचारा, 'थंडगार ताजं मॅटर्निटी होम' म्हणून पोट धरून हसतात आणि तेवढ्यात मुद्दा पण कळून जातो. पुणेरी पाट्या मात्र थोड्या नंतर घ्या. 'बेल एकदाच वाजवा. घर मोठं आहे, आम्ही म्हातारे आहोत, यायला वेळ लागतो.' असल्या पाटीत सांगणंही आहे, करून घेणंही आहे आणि वर एक चिमटा पण आहे, ती सरमिसळ सोडवायला आधी साधे प्रकार हाताखालून जायला हवेत.

यानंतरचा माझा आवडता धडा म्हणजे बिस्किटाचा पुडा. स्वयंपाकघरातून कुठलाही ग्लुकोज बिस्किटाचा पुडा आणा आणि मुलाला सांगा आधी पुढची बाजू वाच. तिथे काय असतं? हसरं मूल, दुधाची धार, गव्हाची लोंबी, मोठ्ठ्या अक्षरात नाव, ताकद, शक्ती, असलं काहीतरी. मग पुडा उलटा करा. आता अक्षरं एकदम बारीक, चित्रं नाहीत, आणि एक लांबलचक यादी. घटक पदार्थांची यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे याच क्रमाने छापायची असा आपल्याकडचा अन्नसुरक्षेचा नियम आहे. मग मुलाला शोधू द्या, दूध कितवं आहे, साखर कितवी आहे. बहुतेक पुड्यांवर पीठ, साखर, पाम तेल अशी सुरुवात असते आणि दुधाचा नंबर बराच मागे लागतो, पुढच्या बाजूला मात्र दुधाची धार सगळ्यात वर.

आता विचारा, 'दोन्ही बाजू एकाच कंपनीने छापल्यात ना, मग एवढा फरक का?' इथे घाई करू नका, उत्तर तुम्ही देऊ नका. आमच्याकडे पाचवीतली एक मुलगी बराच वेळ पुडा उलटासुलटा करत बसली आणि म्हणाली, 'पुढचं त्यांना सांगायचंय आणि मागचं त्यांना सांगायला लागतंय.' मी त्या दिवशी पुढे काही शिकवलंच नाही, बिस्किटं खाल्ली आम्ही. लिहिणारा तोच, वस्तू तीच, पण एका बाजूचा उद्देश विकणं आणि दुसऱ्या बाजूचा उद्देश माहिती देणं, हे पुडा हातात धरून जितकं कळतं तितकं फळ्यावर तक्ता काढून कळत नाही. एक सांभाळा, कंपनी वाईट, जाहिरात म्हणजे खोटं, असा सूर लावू नका. पुढच्या बाजूलाही खोटं काही नसतं बहुतेक वेळा. आपण उद्देश ओळखायला शिकवतोय, कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही.

इथवर आलात की मग एकच विषय घेऊन वेगवेगळे मजकूर. विषय सारखा ठेवला की 'आंब्यासाठी लिहिलंय' हे उत्तर आपोआप बाद होतं कारण ते सगळ्यांनाच लागू पडतं. मी हापूस घेते. हे चार मजकूर तुम्ही जसेच्या तसे वापरले तरी चालतील.

पहिला: 'कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला हापूस त्यात येतो.'

दुसरा: 'अस्सल देवगड हापूस, थेट बागेतून तुमच्या दारात! कार्बाइड नाही, भेसळ नाही. मोजक्याच पेट्या शिल्लक, आजच बुक करा!'

तिसरा: 'आमच्याकडे आंब्याची पेटी आली की बाबा ती आपल्या पलंगाखाली ठेवतात आणि रात्री दोनदा उठून वास घेऊन येतात. आई म्हणते, लग्न ठरलं तेव्हा मला बघायला एकदाच आले होते.'

चौथा: 'आंबे तासभर पाण्यात ठेवा. हलक्या हाताने मऊ करून रस पिळून घ्या. चिमूटभर मीठ आणि वेलची पूड घाला. वाढताना वरून तूप सोडा.'

तिसऱ्याला पोरं लगेच ओळखतात, त्यावर वेळ घालवू नका. खरी मजा दुसऱ्यात आहे. कोणीतरी म्हणणारच, 'यात पण माहितीच आहे, कार्बाइड नाही हे कळलं ना.' बरोबर आहे त्याचं. मग वाक्य काढून बघायचं. 'कार्बाइड नाही, भेसळ नाही' हे पेन्सिलने खोडा आणि वाचा, मेसेज थोडा लंगडा झाला पण काम होतंय, पेट्या विकता येतील. आता ते परत घ्या आणि 'आजच बुक करा' खोडा. मोजक्याच पेट्या शिल्लक. बरं मग? आता हा मेसेज पाठवून विकणाऱ्याचा काय फायदा? जे वाक्य काढलं की लिहिणाऱ्याचं कामच होत नाही त्या वाक्यात त्याचा उद्देश असतो, आणि बाकीची माहिती त्या वाक्याच्या मदतीला आणलेली असते. ही खोडाखोड सहावी-सातवीच्या पुढे कुठल्याही उताऱ्यावर करता येते.

चौथ्या मजकुरात वेगळा खड्डा आहे. शिकवणीत सांगतात की 'करा', 'घ्या', 'या' अशी आज्ञार्थी क्रियापदं आली की लेखक पटवतोय असं समजायचं. मग पोरं आमरसाच्या कृतीला पण 'पटवण्यासाठी' लिहून मोकळी होतात, कारण त्यात 'ठेवा', 'घ्या', 'घाला' सगळंच आहे. इथे विचारायचं, 'तू नाही केलंस तर लिहिणाऱ्याचं काय जाईल?' तुम्ही वेलची नाही घातली तर कृती लिहिणाऱ्या काकूंचं काही बिघडत नाही. पण तुम्ही पेटी बुक नाही केली तर विकणाऱ्याचं बिघडतं. नुसते शब्द शोधून भागत नाही, त्या शब्दामागे कोणाची गरज आहे ते बघायला लागतं.

आता लेखकाचे उद्देश तीन खणांत वाटून टाकतात, त्याबद्दल. अमेरिकेतल्या शाळांमध्ये हे अगदी दुसरी-तिसरीपासून शिकवतात आणि तिथे 'पाय' (इंग्रजी PIE) नावाचा तक्ता असतो, पर्स्वेड, इन्फॉर्म, एन्टरटेन, म्हणजे पटवणं, माहिती देणं, मनोरंजन करणं. न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या पोरांच्या वहीत तीन तुकड्यांत कापलेल्या त्या गोल 'पाय'चं चित्र बहुतेक सापडेल. सुरुवातीला ठीक आहे, मी पण वापरते, पण तिथेच थांबलं की पोरं प्रत्येक मजकूर त्या तीन खणांत कोंबायला लागतात. श्रद्धांजलीचा लेख कुठल्या खणात टाकणार? आभाराचं पत्र? 'आमचा बंड्या कुत्रा हरवला आहे' हे पोस्टर? आजीने आपल्या लहानपणीचं लिहून ठेवलं असेल तर ते? म्हणून चौथीच्या पुढे खण सोडा आणि क्रियापदं जमवा. भिंतीवर एक कागद चिकटवा आणि जसजसे मजकूर वाचाल तसतसं लिहीत जा: विकणं, सावध करणं, धीर देणं, तक्रार करणं, टोमणा मारणं, आठवण जपणं, माफी मागणं, शिकवणं, उकसवणं, मदत मागणं. आमच्याकडच्या कागदावर एकाने 'भाव खाणं' पण लिहिलंय, एका सत्कार समारंभाच्या फ्लेक्सवरून. मी ते खोडलं नाही, अगदी अचूक आहे.

मग गोष्टींकडे वळायचं. गोष्टीचा उद्देश विचारला की मुलं दोन टोकांना जातात, एकतर 'मजा यावी म्हणून' नाहीतर थेट तात्पर्य. पंचतंत्र इथे फार उपयोगी पडतं कारण तिथे लिहिण्याचं कारण ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. महिलारोप्य नगरात अमरशक्ती राजा, त्याची तीन मुलं अभ्यासात अगदी ढ, आणि विष्णुशर्मा सांगतो की सहा महिन्यांत यांना नीतिशास्त्रात तयार करतो. मग येतात ते सिंह, कोल्हे, माकडं आणि मगरी. बहुतेक मुलांना सुट्या गोष्टी माहीत असतात पण ही सुरुवात माहीत नसते. ती सांगा आणि विचारा, 'मग त्याने सरळ नियमच का नाही सांगितले? माकड कशाला आणलं?' उत्तर मुलांच्याच तोंडून येतं, कंटाळली असती ना ती मुलं. म्हणजे मनोरंजन आहे, पण ते शिकवण्यासाठी आणलेलं आहे.

कीर्तन ऐकलेली मुलं असतील तर याहून सोपं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, अभंग घेऊन निरूपण करतात आणि उत्तररंगात त्याच मुद्द्याला धरून एखादं आख्यान लावतात. लोक आख्यानासाठी बसून राहतात, बुवांना पूर्वरंगातलं पोचवायचं असतं. आणि आठवीच्या मुलांना एकनाथांचं विंचवाचं भारूड ऐकवा. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्या, विंचू चावल्याचा तो सगळा आरडाओरडा ऐकून हसतील. मग सांगा की हा विंचू म्हणजे काम-क्रोध आहे, आणि परत ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकताना चेहरे बदलतात. एका मजकुराचे दोन उद्देश असू शकतात आणि त्यातला एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेला असतो, हे मला व्याख्येने कधी समजावता आलं असतं असं वाटत नाही.

वर्तमानपत्र घरी येत असेल तर सोन्याहून पिवळं. एकाच घटनेची पहिल्या पानावरची बातमी आणि आतला अग्रलेख शेजारी शेजारी ठेवा. बातमीत कोण, कधी, कुठे, किती. अग्रलेखात 'हे कितपत योग्य?', 'आता तरी जाग येईल का?' असले प्रश्न. प्रश्नचिन्ह दिसलं की मुलांना वाटतं लेखकाला खरंच काही विचारायचंय. इथे मी टिळकांचं उदाहरण देते. १८९७ मध्ये पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर इंग्रज सरकारने पुण्यात दडपशाही सुरू केली तेव्हा केसरीच्या अग्रलेखाचं शीर्षक होतं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' मुलांना विचारा, टिळकांना याचं उत्तर हवं होतं का? सरकारने 'हो, आहे' असं कळवलं असतं तर ते गप्प बसले असते का? सगळे हसतात, आणि पुढच्या वेळी कुठलाही मथळा वाचताना हे प्रश्नचिन्ह खरं की खोटं हे आपणहून तपासतात.

मोठ्या मुलांना अजून एक गोष्ट दाखवायलाच हवी, ती म्हणजे वेष बदललेली जाहिरात. पेपरमध्ये बातमीसारखाच कॉलम, बातमीसारखाच फोटो, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात' नाहीतर 'प्रायोजित'. ते शोधायची स्पर्धा लावा, पेन घेऊन गोल करा. मोबाइलवर तर याहून जास्त. रील करणाऱ्या ताईला पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर तसं लेबल लावायचं अशी मार्गदर्शक तत्त्वं एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेने २०२१ मध्ये आणली, त्यामुळे 'पेड पार्टनरशिप', 'ॲड' असं कुठे दिसतंय का ते मुलांनाच शोधू द्या. ते लेबल बहुतेक वेळा असं कुठेतरी असतं की शोधल्याशिवाय दिसणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डला तर एक सोपी परीक्षा आहे, शेवटची ओळ आधी वाचायची. 'जास्तीत जास्त शेअर करा' असं असेल तर लिहिणाऱ्याला तुमच्या तब्येतीपेक्षा मेसेज पसरण्यात जास्त रस आहे असं समजून मग वरचं वाचायला घ्यायचं. (हे मोठ्यांना शिकवणं अवघड आहे, फॅमिली ग्रुपवर प्रयत्न करू नका, नाती बिघडतात.)

परीक्षेचं पण सांगून टाकते कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. उत्तर दोन तुकड्यांत लिहायची सवय लावा. पहिल्या तुकड्यात लेखकाला वाचकाकडून काय हवंय, दुसऱ्यात कुठल्या शब्दांवरून ते कळलं. म्हणजे 'लेखकाला पाण्याची माहिती द्यायची आहे' याऐवजी 'आपण नळ उघडा ठेवून दात घासणं बंद करावं असं लेखकाला वाटतं, कारण शेवटच्या परिच्छेदात तो "आजपासून एवढं तरी करा" असं म्हणतो.' उत्तर थोडं लांबतं, पण दुसऱ्या उत्तरात मुलाने उतारा वाचलाय हे दिसतं. आणि दोन मुलांनी दोन वेगवेगळे उद्देश सांगितले आणि दोघांनीही बरोबर जागी बोट ठेवलं तर दोघांनाही पूर्ण मार्क द्या. उताऱ्यांसाठी मजकूर शोधत असाल तर बालभारतीचं किशोर मासिक बघा, १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, गोष्ट, माहिती, कविता, विनोद सगळं एकाच अंकात सापडतं.

आता शेवटचा भाग, आणि हा टाळू नका, कारण लिहिल्याशिवाय हे पक्कं बसत नाही. दहावीला जाहिरातलेखन आणि बातमीलेखन असतंच, पण तेव्हा ते फक्त मार्कांसाठी घोटतात. त्याच्या कितीतरी आधी, चौथी-पाचवीत, हा खेळ घ्या. चिठ्ठ्या करा. एका ढिगात विषय, उदाहरणार्थ शाळेची सहल, पाऊस, शेजारचं मांजर, डब्यातली कारल्याची भाजी. दुसऱ्या ढिगात क्रियापदं, भिंतीवरच्या त्या कागदावरची. प्रत्येकाने दोन्हीतली एकेक चिठ्ठी उचलायची, कोणाला दाखवायची नाही, आणि चार-पाच वाक्यं लिहायची. कारल्याच्या भाजीबद्दल धीर देणारं लिहायचं आलं की काय होतं ते बघाच एकदा. आमच्याकडे एकाने लिहिलं होतं, 'मित्रा, मला माहितेय आज तुझ्या डब्यात काय आहे. घाबरू नकोस. पोळीचा मोठा तुकडा घे, भाजी आत लपव आणि डोळे मीट.' सगळ्यांनी क्षणात ओळखलं.

लिहून झालं की मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी क्रियापद ओळखायचं, अर्थात कशावरून ते सांगून. बहुतेकांनी चुकीचं ओळखलं तर ऐकणाऱ्यांशी वाद घालायचा नाही. लिहिणाऱ्याने आपला कागद परत घ्यायचा, कुठल्या शब्दाने घोळ केला ते शोधायचं, तेवढाच बदलायचा आणि पुन्हा वाचून दाखवायचं.